पाणी उतरल्यावर पोरं कुणाकडं?

(पावसाळ्यापूर्वीच्या प्रभागसंघाच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या ग्रामसंघांच्या प्रतिनिधींना त्या दिवशी येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. समूहाच्या बैठकीत वाचून दाखवावा.)



आजच्या विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढं 'पूर पूर्वतयारी' असं लिहिलंय. खरं सांगू का, त्यावर मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही २००५ चा पूर बघितलाय, २०१९ चा बघितलाय, २०२१ चा बघितलाय. २०२४ लाही पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडलीच. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं दुसरीतलं पोरगंसुद्धा सांगतं. जनावरं कधी हलवायची, पोती माळ्यावर कधी चढवायची, बँकेचं पुस्तक आणि रेशनकार्ड कुठल्या पिशवीत घालायचं, हे तुम्ही मला शिकवायचं.

म्हणून मी पाणी चढतानाचं बोलणार नाही. पाणी उतरल्यानंतरचं बोलणार आहे. आणि त्यातलीही एकच गोष्ट: आपली पोरं.

पाणी चढतं तेव्हा पोरांकडं सगळ्यांचं लक्ष असतं. पहिल्या बोटीत पोरं बसवतात, पहिलं पांघरूण पोरांना देतात. २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती बातमी आठवली की अजून अंगावर काटा येतो. वाहत्या पाण्याची भीती आपल्या हाडात बसलीय. पण पाणी उतरलं की आपण म्हणतो, सुटलो एकदाचं. घराकडं धावतो. आणि पोरं आपल्या मागं मागं त्याच चिखलात येतात. तिथून पुढचे दोन-तीन आठवडे जे आजारपण निघतं ते कुणी पुराच्या खात्यावर लिहीत नाही. ताप आला, जुलाब लागले, अंगावर फोड उठले, खोकला जाईना. आपण म्हणतो, हवा बदलली.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझी स्वतःची चूक सांगते. आजपर्यंत सभेत कधी सांगितली नव्हती.

२०२१ ला मी समाजकार्याचं शिक्षण घेत होते. कोरोनामुळं कॉलेज बंद होतं. जुलैत पूर आला आणि आम्ही काही विद्यार्थी मदतीला एका गावात गेलो. गावाचं नाव घेत नाही. शाळेच्या खोल्यांत वीतभर गाळ बसला होता. शाळाही बंदच होत्या, त्यामुळं पोरं मोकळी होती, आमच्याभोवतीच घुटमळायची. मला वाटलं, यांनाही कामाला लावू, तेवढाच त्यांचा जीव रमेल. मीच पुढं होऊन बारा-पंधरा पोरं गोळा केली. कुणाच्या हातात खराटा दिला, कुणाच्या हातात घमेलं. पायात कुणाच्याच काही नव्हतं. त्यांना घोषणा द्यायला लावल्या, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. खूप अंगठे आले. 'छान उपक्रम' म्हणून कौतुक झालं.

दहा-बारा दिवसांनी त्या गावातल्या एका ताईंचा फोन आला. त्या पोरांतली नऊ वर्षांची एक मुलगी तापानं फणफणली होती. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की तिला उभं राहता येईना. डोळे लाल. साधा ताप समजून दोन दिवस गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा लेप्टो निघाला. आठवडाभर ती दवाखान्यात होती. तिची आई रोजंदारी सोडून तिच्या उशाशी.

ती वाचली. चांगली आहे. आता मोठी झालीय, मला बघितलं की हसते. तिला तो आजार शाळेच्या चिखलातून झाला, घरच्या चिखलातून झाला की गोठ्यातून, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तिच्या हातात खराटा मी दिला होता, एवढं मला माहीत आहे. म्हणून आज इथं उभी आहे.

आता कुणी म्हणेल, आम्हीपण त्याच चिखलात होतो, आम्हाला कुठं काय झालं? बरोबर आहे. पण पोरगं म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. आपल्या वजनाच्या मानानं पोरं जास्त पाणी पितात, जास्त खातात, जास्त श्वास घेतात. म्हणजे पाण्यात, हवेत घाण तेवढीच असली तरी पोराच्या शरीरात तिचा वाटा मोठा जातो. पोरांचं नाक जमिनीजवळ असतं, हात तोंडात असतात. रांगणारं बाळ तर सगळी जमीन हातानं पुसतं आणि तोच हात चोखतं. शिवाय त्यांचं शरीर अजून घडतंय, घाण बाहेर टाकायची ताकद पुरी आलेली नसते. आणि पोराला धोका कळत नाही. आपल्याला जो चिखल दिसतो ते त्याला खेळणं दिसतं.

त्या चिखलात असतं तरी काय? नुसती नदीची माती असती तर काय हरकत होती. गावातले शोषखड्डे, शौचालयांच्या टाक्या, गोठे, उकिरडे, मेलेल्या कोंबड्या, उंदीर-घुशींची बिळं, सगळ्यांतून ते पाणी फिरून आलेलं असतं. लेप्टोचे जंतू उंदीर, जनावरं, कुत्री यांच्या मुतातून पाण्यात येतात आणि पायाच्या भेगेतून, साध्या खरचटल्यातून अंगात शिरतात. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तिथं लेप्टोची साथ आली होती. त्यात आपला भाग उसाचा. तणनाशकाचे कॅन, कीटकनाशकाच्या बाटल्या, खताची पोती खोपटात, कोपऱ्यात, पायरीखाली ठेवलेली असतात. पाणी ती उचलतं आणि कुठल्या अंगणात नेऊन ठेवतं ते सांगता येत नाही. रंगीत झाकणाची बाटली पहिल्यांदा कुणाला सापडते? पोरालाच.

आता पाणी उतरल्यापासून एकेक बघू.

पहिलं पाणी. गंमत बघा, पुरात सगळीकडं पाणी आणि प्यायला नाही. नळाला पाणी आलं म्हणजे ते पिण्यालायक झालं असं नाही. पाईप फुटलेले असतात, त्यात गटाराचं पाणी ओढलं जातं. म्हणून खात्री होईपर्यंत पोरांना टँकरचं तपासलेलं, नाहीतर घरी शुद्ध केलेलंच पाणी द्यायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, घट्ट कापडातून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकून उपयोग होत नाही, ते चिखलातच संपून जातं. मग एकतर क्लोरीनचं औषध बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकून अर्धा तास थांबा, नाहीतर उकळा. खदखदून उकळी फुटली की एक मिनिट पुरे होतं. अर्धा तास उकळून गॅस संपवू नका, त्या दिवसांत सिलिंडर लवकर मिळत नाही. आणि शुद्ध केलेल्या पाण्यात ग्लासासकट हात बुडवायचा नाही. ओगराळं किंवा तोटीचं भांडं.

विहीर-आड बुडालेला असेल तर तो उपसून, धुऊन, टीसीएल टाकून तपासल्याशिवाय वापरायचा नाही. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं आहे, पण हिशेब आपल्यालाही यायला हवा. नेहमीच्या शुद्धीकरणाला हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल धरतात. विहिरीत पाणी किती ते असं काढायचं: रुंदी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ नं गुणायचं. आड ४ मीटर रुंद आणि पाणी ५ मीटर असेल तर चार चोक सोळा, सोळा पाचे ऐंशी, ऐंशी गुणिले ७८५ म्हणजे ६२,८०० लिटर. त्याला टीसीएल लागली ३१४ ग्रॅम. पुरानंतरच्या पहिल्या खेपेला मात्रा यापेक्षा जास्त लागते, ती आरोग्य सेवक सांगतील तशी. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर पाणी भरायचं नाही. टीसीएलचं पोतं ओलावा लागलेलं, जुनं असेल तर तिच्यात दम राहत नाही. म्हणून शेवटी ओटी टेस्ट. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरीन आहे. रंग नाही आला तर नाही. ही टेस्ट जलसुरक्षक करतो तेव्हा समूहातल्या दोघींनी शेजारी उभं राहून बघायचं. सह्या आपण करतो ना वहीवर, तसंच हे.

दुसरं, जुलाब. पोराला पाण्यासारखं होऊ लागलं की वाट बघायची नाही. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, सगळंच्या सगळं. अर्धं पाकीट तांब्यात, उरलेलं डब्यात, असं करू नका, मापच चुकतं. केलेलं पाणी दिवसभरात संपवायचं, उरलं तर फेकायचं. त्याच्या जोडीला झिंकची गोळी, १४ दिवस, जुलाब दुसऱ्या दिवशी थांबले तरीसुद्धा. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. दोन्ही आशा ताईंकडं मिळतात. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, पोरगं मलूल पडलं, प्यायलाही मागेना, तर १०८ ला फोन.

आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं. पुरात हमखास ऐकू येतं की धसक्यानं दूध आटलं. बाळाला पाजत राहिलं की दूध येत राहतं. मदतीच्या गाडीतून दूध पावडरचा डबा आला म्हणून तो बाळाला सुरू करू नका. पावडर कालवायला तेच पाणी, बाटली धुवायला तेच पाणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, वरचं पाणीसुद्धा नको. त्या बाळंतिणीला दोन वेळचं गरम जेवण आणि बसायला आडोसा, हे मात्र समूहानं बघायचं. आणखी एक: लहान बाळाची शी घाण नसते असं आपण मानतो आणि ती गटारीत, उकिरड्यावर टाकतो. तीही तेवढीच रोग पसरवते. शौचालयात टाकायची, शौचालय बुडालं असेल तर खड्ड्यात पुरायची आणि हात साबणानं धुवायचे.

तिसरं, घर. ओली गादी, ओली रजई, ओल्या भिंती यांना एक-दोन दिवसांत बुरशी धरते. त्या खोलीत पोरं झोपली की खोकला, दमा, डोळे चुरचुरणं. हे टाकून द्या म्हणणं मला सोपं आहे. मला माहीत आहे तुम्ही का टाकत नाही. पंचनामा व्हायचा असतो! तलाठी येऊन बघेपर्यंत भिजलेलं सामान घरातच रचून ठेवायचं, नाहीतर नुकसान दिसणार नाही आणि मदत मिळणार नाही. मग आठ-आठ दिवस पोरं त्या ढिगाशेजारी झोपतात. यावर ग्रामसंघानं गाव म्हणून बोलावं. पाणी उतरल्याच्या दिवशीच अध्यक्ष ताईंनी तलाठी आणि ग्रामसेवकांना विचारून घ्यायचं, की मोबाईलवर काढलेले फोटो चालतील का, आणि सामान घराबाहेर एका बाजूला ठेवून पंचनामा होईल का. प्रत्येक घराचे फोटो सीआरपी ताईंनी काढायचे: घर, माणूस, पाण्याची खूण, सामान. पण सामान घराबाहेर, पोरांपासून लांब.

भिजलेलं धान्य ही आणखी जिवावर येणारी गोष्ट. ज्वारी, गहू, मका, शेंगा वाळवून, चाळून दळतो आपण. पण एकदा बुरशी धरली की तिचं विष धुऊन जात नाही, भाकरी भाजूनही जात नाही. लक्ष्मी टाकवत नाही, मला कळतं. तरी बुरशीचं धान्य पोराच्या ताटात नको, जनावरापुढंही नको, कारण तिथून ते दुधात उतरतं.

चौथं, साफसफाई. इथं तीन गोष्टी ध्यानात ठेवा. टीसीएल आणि बाथरूमचं ऍसिड कधीही एकत्र करायचं नाही. 'जास्त स्वच्छ होईल' म्हणून दोन्ही ओतलं की विषारी वायू निघतो, मोठ्या माणसाचाही दम कोंडतो. दुसरं, गाळ ओला आहे तोवर काढायचा. ऊन पडलं की तो वाळतो, धूळ होतो आणि श्वासावाटे आत जातो. वाळलाच तर पाणी शिंपडून झाडायचा, नाकाला कापड बांधायचं. तिसरं, छपराचे सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर पोरांना त्यांच्या तुकड्यांशी खेळू देऊ नका. अशा बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक धागे छातीत बसतात ते कायमचेच. तुकडे ओले करून, न ठोकता, पोत्यात भरून बाजूला ठेवायचे. आणि घर वाळवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून पोरांना तिथं झोपवायचं नाही. त्या धुरातल्या वायूला वासही नसतो आणि झोपलेलं माणूस उठत नाही. जनरेटर लावलात तर घराबाहेर, खिडकीपासून लांब.

औषधांच्या बाटल्या, कॅन सापडले तर मोठ्या माणसानं हातमोजे घालून उचलायचे. धुऊन पाणी भरायला तर अजिबात नाही. असा कॅन बघितलाय मी, पुरानंतर भांडी कमी पडली म्हणून पिण्याच्या पाण्याला लावलेला.

पाचवं, नंतरचे आठवडे. डबक्यात, टायरात, पिंपात साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्याचा डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, सगळी भांडी रिकामी करून घासायची. आणि पुराच्या पाण्यात वावरलेल्या कुणालाही महिन्याभरात ताप आला, तर दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हे म्हणायचं: 'डॉक्टर, पोरगं पुराच्या चिखलात होतं.' त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या आईनं पहिल्या दिवशी हे सांगितलं नव्हतं, कारण तिला कुणी सांगायला सांगितलंच नव्हतं. लेप्टोवर औषध आहे, लवकर कळलं तर चांगला बरा होतो. पण शेजारणीच्या घरातल्या गोळ्या मनानं पोराला देऊ नका. मोठ्यांना चालणारं औषध पोरांना चालतंच असं नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग. मी हे सगळं सांगत होते तेव्हा मागच्या रांगेत एक काकू शेजारणीला म्हणाल्या, मी ऐकलं: "हिला काय जातंय बोलायला, पोरं ठेवायची कुठं?" काकू, तुमचा प्रश्न बरोबर आहे. सगळं भाषण एकीकडं आणि तुमचा प्रश्न एकीकडं. कुठलीच आई हौसेनं पोर चिखलात आणत नाही. घरात गाळ, नवरा जनावरांकडं, सासू थकलेली, पोर कडेवर. ती एकटी असते म्हणून आणते.

पण आपण एकट्या नाही ना. आपला समूह दहाजणींचा आहे. उसनं लागलं तर आपण एकमेकींना देतो, कर्जाचा हप्ता चुकला तर एकमेकींना सांभाळून घेतो. मग पोरं का नाही? माझं म्हणणं असं की, पाणी उतरल्यावर पहिले सात दिवस प्रत्येक समूहातल्या दोघींनी समूहातली सगळी पोरं सांभाळायची आणि बाकीच्या आठजणींनी त्या दोघींच्या घरातलाही गाळ काढायचा. फुकट नाही आणि उपकारही नाही, कामाची वाटणी. जागा उंचावरची, कोरडी. देवळाचा मंडप चालेल, वरच्या गल्लीतलं घर चालेल. तिथं पिण्याचं शुद्ध पाणी, साबण, शौचालय आणि सावली एवढं हवं. दोघींपैकी एक अंगणवाडीच्या कामाची सवय असलेली असली तर सोन्याहून पिवळं.

इथं एक धोक्याची सूचना. ही पाळी म्हणजे घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीवर सगळं टाकणं नव्हे. ती थोडी मोठी दिसली की आपण तिला बाई धरतो. एकतर तिच्या हातात खराटा देतो, नाहीतर कडेवर चार पोरं. तीही पोरच आहे. तिचाही पाय भेगाळतो, तिलाही लेप्टो होतो. तिची पाळी त्याच दिवसांत आली तर तिला कोरडं कापड, पॅड आणि आडोसा लागतो. तिला त्या मंडपात बसू द्या, पुस्तक घेऊन बसू द्या.

आणि पोरं घरी कधी आणायची? तीन खुणा पूर्ण झाल्या की. जमीन धुऊन कोरडी झालीय. पाण्याला पिवळा रंग आलाय. शौचालय वापरता येतंय. तिन्हीपैकी एक राहिली असेल तर अजून एक दिवस थांबायचं.

पोरं रडतील, माझी बाहुली, माझं दप्तर म्हणून. प्लास्टिकचं, स्टीलचं खेळणं साबणानं धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून, पुन्हा साध्या पाण्यानं धुऊन द्या. कापडाची, कापसाची बाहुली मात्र टाकावी लागेल. टाकताना पोराला सांगून टाका, गुपचूप नको. त्याचंही घर बुडालेलं असतं.

यासाठी लागणारं सामान फार नाही. टीसीएल, क्लोरीनचं औषध, ओटी टेस्टचं किट हे ग्रामपंचायत आणि आरोग्य उपकेंद्राकडून मागून घ्यायचं, जूनच्या पहिल्या आठवड्यातच, पाऊस लागल्यावर नाही. ओआरएस आणि झिंक आशा ताईंकडं किती शिल्लक आहे ते विचारून ठेवायचं. गमबूट, रबरी हातमोजे, साबण, तुरटी, झाकणाचं तोटीवालं पिंप हे ग्रामसंघानं घ्यायचं. व्हीआरएफ आपल्याकडं अशाच अडचणीच्या वेळेसाठी असतो. किती खर्चायचा ते तुमच्या बैठकीत ठरवा, पण ठरवा. हे सगळं एका पेटीत, आणि पेटी उंचावरच्या घरात. गेल्या वेळी एका गावात औषधांची पेटीच पुरात बुडाली होती, हसू नका, खरंच झालं होतं.

आपल्या दशसूत्रीत बचत आहे, कर्जफेड आहे, तसं आरोग्यही आहे. बचतीचं खातं आपण दर बैठकीत तपासतो. आरोग्याचं पान बहुतेक वेळा कोरं राहतं. या महिन्यात ते भरूया. प्रत्येक ग्रामसंघानं येत्या बैठकीत एवढा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा:

"पुराचे पाणी उतरल्यानंतर पहिले सात दिवस आमच्या गावातील १८ वर्षांखालील कोणतेही मूल साफसफाईच्या कामाला लावले जाणार नाही. प्रत्येक समूहातील दोन सदस्य मुले सांभाळतील व त्यांच्या घराची स्वच्छता इतर सदस्य करतील. पाणी तपासल्याशिवाय मुलांना दिले जाणार नाही."

खाली जागेचं नाव, दोघींची नावं आणि पेटी कुणाकडं ते लिहा. सूचक, अनुमोदक, सह्या. 'बघू तेव्हाचं तेव्हा' असं लिहू नका. तेव्हा कुणाला काही सुचत नाही, मलाही सुचलं नव्हतं.

या वर्षी पूर येईल की नाही हे मला माहीत नाही. न येवो. आला तर मी तुमच्याबरोबर घमेलं घेऊन चिखलात उभी असेन. फोटोही काढू. पण त्या फोटोत एकही पोर दिसता कामा नये. ती सगळी वरच्या मंडपात, कोरड्या सतरंजीवर, गोंधळ घालत बसलेली असू देत.

एवढं बोलून मी थांबते. काकू, तुम्ही मघाशी तो प्रश्न विचारलात म्हणून तुमचे विशेष आभार. तुमच्या समूहाची पहिली पाळी तुमची.